नतीजा आधी सांगणारे आणि पालघरचा मतदार

यंदाच्या नोव्हेंबरात अमेरिकेत मध्यावधी निवडणूक आहे आणि बोईसरच्या चहाच्या टपरीवर तिचा निकाल आत्ताच लागलेला आहे. एक जण ठासून सांगतो, ट्रम्पचा पक्ष हरणार. दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो, तिकडचे लोक इतके वैतागलेत की मतदानालाच जाणार नाहीत. दोघांच्याही मोबाइलमध्ये पुराव्यादाखल एकेक व्हिडिओ असतो. मला मौज वाटते ती एवढीच, की हीच मंडळी २०१८ पासून आपल्या पालघरचाही निकाल सांगत आली आहेत. तो किती वेळा बरोबर आला, हे कुणी कधी विचारत नाही.

शिक्षकी सवयीने मी आधी शब्दाकडे बघतो. ‘मध्यावधी’ म्हटलं की मराठी माणसाला वेगळंच काहीतरी आठवतं. सरकार पडलं, सभागृह विसर्जित झालं आणि मुदतीआधी निवडणूक आली, तर ती आपली मध्यावधी. १९८०, १९९१, १९९८ या सालांतल्या निवडणुका तशा होत्या. अमेरिकेत काही पडत नाही. राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या बरोबर मध्यावर प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या साधारण एकतृतीयांश जागा ठरलेल्या वेळी निवडल्या जातात. राष्ट्राध्यक्ष खुर्चीतच असतो, पण लोकांना त्याच्याबद्दल बोलायची एक संधी मिळते. आपल्याकडे याच्या जवळची गोष्ट शोधायची तर ती पोटनिवडणूक. सरकार जागच्या जागी असतं आणि एका मतदारसंघाला अचानक सगळ्या देशाच्या वतीने बोलायला उभं केलं जातं. २०१८ च्या मे महिन्यात पालघरला तसं उभं केलं गेलं होतं.

उर्दूत भाकिताला ‘पेशगोई’ म्हणतात, म्हणजे पुढचं आधी सांगणं. पूर्वी हे काम नजूमी करत, आता सर्वेक्षणवाले करतात. या धंद्याचा सगळ्यात गाजलेला फजितवाडा अमेरिकेतलाच आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ साली सुमारे एक कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या. त्यातल्या २३ लाखांहून जास्त भरून परत आल्या. एवढी उत्तरं त्याआधी कुणी जमवली नसतील. त्या जोरावर त्यांनी छापलं की रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार. निकालात ४८ राज्यांपैकी ४६ रूझवेल्टने घेतली. साप्ताहिक दोन वर्षांत बंद पडलं. पत्ते कुठून घेतले होते? टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारींच्या नोंदी यांतून. मंदीच्या काळात ज्याच्या घरी फोन आणि दारात मोटार, त्याचं मत त्यांना कळलं. शिवाय पाठवलेल्यांपैकी तीन चतुर्थांश लोकांनी उत्तरच दिलं नव्हतं, आणि गप्प बसलेले लोक उत्तर देणाऱ्यांसारखेच असतील असं धरून चालले. ही दुसरी चूक जास्त महत्त्वाची. ती आजही होते.

मध्यावधीचं भाकीत करायला तसा एक सोपा नियम आहे: राष्ट्राध्यक्षाचा पक्ष जागा गमावतो. १९३४ ते २०२२ या काळात अशा २३ निवडणुका झाल्या. त्यांत १९३४, १९९८ आणि २००२ एवढ्या तीनच वेळा राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा वाढल्या. म्हणजे डोळे मिटून ‘सत्ताधारी घटणार’ म्हणणारा तेवीसपैकी वीस वेळा पास होईल. आमच्या टपरीवरचा पहिला गडी या अर्थाने सुरक्षित आहे. पण किती घटणार, हे कुणाला सांगता येत नाही. २०२२ मध्ये बायडन यांचा पक्ष वाहून जाईल अशी हवा होती. प्रत्यक्षात रिपब्लिकनांना २२२ आणि डेमोक्रॅटांना २१३ जागा मिळाल्या. आणि कंटाळलेले लोक किती? २०१४ च्या मध्यावधीत मतदानयोग्य लोकांपैकी जेमतेम ३६ टक्के मतदानाला गेले. दुसऱ्या महायुद्धानंतरचा तो नीचांक. चारच वर्षांनी, २०१८ मध्ये, सुमारे ५० टक्के गेले. हा शंभर वर्षांतला उच्चांक होता. चार वर्षांपूर्वी ज्यांना ‘मायूस’ म्हणून निकालात काढलं होतं, त्यांच्यातलेच हे लोक होते. रशिदा तलैब आणि इल्हान ओमर या पहिल्या दोन मुस्लिम महिला अमेरिकी संसदेत गेल्या त्या याच निवडणुकीत.

आता आपल्याकडे येऊ.

पालघर लोकसभा हे नाव २००९ पासूनचं. त्याआधी हा डहाणू मतदारसंघ होता, आदिवासींसाठी राखीव. इथे १९७७ साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लहानू कोम निवडून आले. पुढे काँग्रेसचे दामू शिंगडा पाच वेळा गेले. मधे १९९६ आणि १९९९ साली भाजपचे चिंतामण वनगा. २००९ मध्ये बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव. म्हणजे लाल बावटा, हात, कमळ आणि वसई-विरारचा स्थानिक पक्ष, चौघांनाही इथल्या मतदाराने दिल्लीला पाठवलेलं आहे. अशा मतदारसंघाला ‘अमक्याचा बालेकिल्ला’ म्हणणाऱ्याने आधी ही यादी वाचावी.

२०१४ मध्ये वनगा पुन्हा निवडून आले, ५ लाख ३३ हजार मतं घेऊन, जवळजवळ २ लाख ४० हजारांच्या फरकाने. पेशाने वकील, राहणी साधी, पक्षाचा झेंडा इथे कुणी हातात धरत नव्हतं तेव्हापासूनचे कार्यकर्ते. विरोधकही त्यांच्याबद्दल अदबीने बोलत. ३० जानेवारी २०१८ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं आणि पोटनिवडणूक लागली.

पुढचे तीन महिने इथल्या लोकांनी जे पाहिलं, ते एखाद्या नाटककाराने लिहिलं असतं तर आपण अतिशयोक्ती म्हटलं असतं. पक्षाने आपल्याला विचारलंही नाही, असं म्हणत वनगांचं कुटुंब मे महिन्याच्या सुरुवातीला शिवसेनेत गेलं. राज्यात आणि केंद्रात शिवसेना तेव्हा भाजपच्याच सरकारात होती. सेनेने वनगांचे चिरंजीव श्रीनिवास यांना उमेदवारी दिली. भाजपने काँग्रेसमधून राजेंद्र गावितांना आणलं. हे गावित काँग्रेसचे माजी राज्यमंत्री. पालघरची विधानसभा त्यांनी २०१४ मध्ये अवघ्या पाचशे-सव्वापाचशे मतांनी गमावली होती, शिवसेनेकडून. म्हणजे कमळाच्या जुन्या कार्यकर्त्याचा मुलगा धनुष्यबाणावर आणि काँग्रेसचा माजी मंत्री कमळावर. शिवाय बळीराम जाधव, डाव्यांचे किरण गहला आणि काँग्रेसचे दामू शिंगडा. मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला गेलेल्या शेतकरी लाँग मार्चमध्ये आपल्या डहाणू-तलासरीकडची माणसं शेकड्यांनी चालली होती, त्यामुळे गहलांची मतं किती वाढतील यावरही पैजा. उत्तर भारतीय मतांसाठी योगी आदित्यनाथ विरारला सभा घेऊन गेले. एका लोकसभेच्या पोटनिवडणुकीसाठी एवढी वर्दळ या जिल्ह्याने आधी पाहिली नव्हती. जिल्हा तरी किती जुना? १ ऑगस्ट २०१४ चा.

भाकितं तीन प्रकारची होती. पहिलं, सहानुभूती: वनगासाहेबांच्या मुलाला कोण नाही म्हणणार? दुसरं, गणित: भाजप आणि सेनेची मतं फुटणार, मधल्यामधे बळीराम जाधव निघणार. तिसरं देशपातळीवरचं: मार्चमध्ये गोरखपूर आणि फुलपूर भाजपने गमावलेत, वारं फिरलंय, पालघरही जाणार. तिन्ही चुकली. २८ मेला मतदान झालं, ३१ मेला निकाल लागला. गावित २,७२,७८२, श्रीनिवास वनगा २,४३,२१०, बळीराम जाधव २,२२,८३८, किरण गहला ७१,८८७, दामू शिंगडा ४७,७१४. भाजप २९,५७२ मतांनी जिंकला. आता हेच आकडे उलटे वाचा. जिंकणाऱ्याच्या विरोधातल्या या चौघांची बेरीज ५ लाख ८५ हजारांवर जाते, म्हणजे तीनातल्या दोघांनी विजयी उमेदवाराला मत दिलंच नव्हतं. वर्तमानपत्राचा मथळा मात्र एकच असतो.

त्या निवडणुकीत मतदार आणि यंत्रणा यांच्यातही काहीतरी तुटलं. यंत्रं ठिकठिकाणी बंद पडली, उन्हामुळे बिघडली असं सांगण्यात आलं. लोक भर मे महिन्यात रांगेत ताटकळले, काही घरी गेले. संध्याकाळी सांगितलेला मतदानाचा आकडा ४६ टक्क्यांच्या घरातला होता, दुसऱ्या दिवशी तो ५३ च्या वर गेला. शिवसेनेने यावर आक्षेप घेतला आणि रस्त्यावरच्या माणसाने एकच निष्कर्ष काढला: रात्रीत मतं वाढवली.

मी अनेकदा निवडणुकीच्या कामावर गेलो आहे, आपल्याकडे शिक्षकाला ते चुकत नाही. म्हणून इथे थोडं थांबतो. दिवसभर दर दोन तासांनी जो टक्का टीव्हीवर दिसतो तो फोनवर कळवलेला असतो. केंद्राध्यक्ष क्षेत्रीय अधिकाऱ्याला सांगतो, तो वर सांगतो. विक्रमगडच्या एखाद्या पाड्यावर मोबाइलला रेंज नसेल तर तिथला आकडा उशिराच पोहोचतो. संध्याकाळी दार बंद होताना जे रांगेत असतात त्यांना चिठ्ठ्या वाटून मतदान करू द्यावं लागतं, मग कितीही वाजोत. खरा आकडा असतो तो नमुना १७ सी वर. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्यावर एकूण मतं लिहितो, सही करतो आणि हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला त्याची प्रत देतो. शंका असेल तर सगळ्या केंद्रांच्या प्रती गोळा करून बेरीज करता येते. ही बेरीज करायला पक्ष सहसा बसत नाहीत. भाषण करणं सोपं पडतं. पण दोष एकट्या पक्षांचा नाही. हीच गोष्ट २०२४ च्या विधानसभेला राज्यभर झाली. पाच वाजताचा आकडा ५८ टक्के, अंतिम ६६, आणि संशयाचा तोच धुरळा. आयोगाने प्रत्येक केंद्राचा १७ सी त्याच रात्री सगळ्यांसमोर टांगला असता तर हा धुरळा उठलाच नसता. लोकांचा भ्रमनिरास होतो तो कधीकधी चोरीमुळे नाही, नीट न सांगितलेल्या गणितामुळे होतो. माझ्या वर्गात मी उत्तर नुसतं फळ्यावर लिहिलं आणि रीत दाखवली नाही, तर पोरंही ओरडतात.

त्याच ३१ मेला उत्तर प्रदेशातल्या कैरानामधून तबस्सुम हसन निवडून आल्या. २०१४ मध्ये त्या राज्यातून एकही मुस्लिम खासदार झाला नव्हता, त्या लोकसभेतल्या त्या पहिल्या. आपल्याकडे मोहल्ल्यात पेढे वाटावेत इतका आनंद झाला होता. भंडारा-गोंदियाही भाजपने गमावलं. पंडितांनी लिहिलं, २०१९ चा निकाल आजच दिसला. एका वर्षाने कैराना भाजपकडे, भंडारा-गोंदिया भाजपकडे, आणि देशात भाजपच्या ३०३ जागा. अमेरिकेत मध्यावधीचा नियम वीस वेळा चालला म्हणून आपल्या पोटनिवडणुकीला तो लावता येत नाही, एवढं त्या वर्षाने शिकवायला हवं होतं.

पालघरचा खरा धडा मात्र त्या निकालानंतरचा आहे. १८ फेब्रुवारी २०१९ ला भाजप-सेनेची युती झाली आणि पालघरची जागा सेनेला सुटली. सेनेने उमेदवार कोण दिला? राजेंद्र गावित. वर्षापूर्वी ज्यांना पाडा म्हणून सेनेचे कार्यकर्ते दारोदार फिरले, त्यांच्याच हातात धनुष्यबाण. ज्या २,४३,२१० लोकांनी रागाने, मायेने किंवा वनगासाहेबांची आठवण म्हणून मत दिलं होतं, त्यांनी काय करायचं? गावित ५ लाख ८० हजार मतं घेऊन निवडून आले. पण आकडे बारकाईने बघा. २०१८ मध्ये भाजप आणि सेनेची मिळून ५ लाख १६ हजार मतं होती. म्हणजे मतदान दहा टक्क्यांनी वाढूनही युतीची वाढ ६४ हजारांची. काँग्रेस आघाडीने जागा बळीराम जाधवांना सोडली, डाव्यांचा उमेदवार रिंगणात नव्हता. या तिघांची आधीच्या वर्षीची बेरीज ३ लाख ४२ हजार, आता ४ लाख ९१ हजार. नवीन आलेल्या मतांचा मोठा भाग तिकडे गेला. फरक ८८ हजारांवर आला. आणि २९ हजारांहून जास्त लोकांनी ‘नोटा’चं बटण दाबलं. हा आकडा राज्यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्यांपैकी होता.

नोटाबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालामुळे ते बटण आलं. लोकसभा-विधानसभेत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालोखालचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक संस्थांपुरता नियम बदलला, तिथे नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. विधानसभेला तसं नाही. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७ हजारांहून जास्त मतांनी दुसऱ्या क्रमांकावर होता आणि काहीच झालं नाही. तरी माणूस उन्हात रांग लावून, बोटाला शाई लावून घेऊन, ‘यातला कुणीच नको’ सांगून घरी जातो. याला उदासीनता म्हणणाऱ्याने कधी पाड्यावरची रांग पाहिलेली नाही.

पुढची गोष्ट भराभर सांगतो, कारण ती तशीच भराभर घडली. श्रीनिवास वनगा २०१९ मध्ये सेनेकडून पालघरचे आमदार झाले. २०२२ मध्ये ते आणि गावित दोघेही शिंदे यांच्यासोबत गेले. २०२४ च्या लोकसभेला जागा भाजपने घेतली, माजी मंत्री विष्णू सवरा यांचे चिरंजीव डॉ. हेमंत सवरा उमेदवार झाले, आणि गावित भाजपमध्ये परतले. ऑक्टोबरात विधानसभेसाठी गावित पुन्हा शिंदेसेनेत आले आणि पालघरचं तिकीट त्यांना मिळालं. वनगांचं कापलं गेलं. टीव्हीवर ढसाढसा रडणारा तो माणूस सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. नंतर तो काही काळ घरातूनही गायब होता. राजकारण बाजूला ठेवू, एका बापाच्या पुण्याईवर आलेल्या मुलाची ती अवस्था पाहून मला वाईटच वाटलं. शेजारी बोईसरला विलास तरे दोनदा बविआचे आमदार, मग २०१९ मध्ये सेनेचे उमेदवार म्हणून २,७५२ मतांनी पराभूत, २०२४ मध्ये शिंदेसेनेकडून पुन्हा आमदार.

मतदार चंचल आहे असं म्हणतात. या सगळ्यात चंचल कोण आहे ते तुम्हीच ठरवा. अंदाज बांधणारा विचारतो, तुम्ही गेल्या वेळी कुणाला मत दिलं होतं? आपल्याकडचा माणूस खरंखुरं उत्तर देतो, पण त्या उत्तराचा उपयोग काय, जेव्हा त्याने दिलेलं मत मधल्या काळात दोनदा घर बदलून आलेलं असतं?

२०२४ च्या लोकसभेचं आणखी एक भाकीत इथे ऐकू येत होतं: वाढवण बंदर भाजपला पाडणार. या बंदराचा इतिहास मोठा आहे. १९९८ मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या डहाणू प्राधिकरणाने ते नाकारलं, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने, वेगळ्या अध्यक्षांच्या काळात, परवानगी दिली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध खरा होता आणि आहे. राज्यात तेव्हा महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा जिंकल्या. एक्झिट पोलवाल्यांनी रालोआला साडेतीनशेच्या पुढे नेलं होतं, ती २९३ वर थांबली. एका सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख टीव्हीवर रडले. हे झालं देशाचं. पालघरने उलटंच केलं. सवरा ६ लाख १ हजार मतं घेऊन १ लाख ८३ हजारांनी जिंकले. ठाकरे गटाच्या भारती कामडी आणि बविआचे राजेश पाटील यांची बेरीज ६ लाख ७२ हजार होते खरी, पण अशा बेरजा निकालानंतर सगळ्यांनाच जमतात. निकालानंतर पंधरा दिवसांनी, १९ जूनला, केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार कोटींच्या बंदराला मंजुरी दिली. ३० ऑगस्टला पालघरमध्येच पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. पाच-सहा महिन्यांत विधानसभेचा निकाल आला, महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळून २३० जागा. जूनमध्ये ज्या महाराष्ट्राला एका सुरात ‘नाराज’ ठरवलं होतं, त्याच महाराष्ट्राने. आणि त्याच लाटेत आमच्या डहाणूने पुन्हा मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले निवडून दिले, पाच हजारांच्या फरकाने. करा आता पेशगोई.

मायूसीबद्दल बोलताना आणखी एक आकडा बघावा लागतो. लोकसभेच्या सहा विधानसभा क्षेत्रांपैकी डहाणू, विक्रमगड, पालघर आणि बोईसर राखीव, नालासोपारा आणि वसई खुल्या. सगळ्यात जास्त मतदान कुठे होतं? विक्रमगड आणि डहाणूत, जिथे दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी बायका मैलभर चालतात. २०२४ मध्ये तिथे सत्तर टक्क्यांच्या वर मतदान झालं. सगळ्यात कमी नालासोपाऱ्यात, लोकल ट्रेनच्या पट्ट्यात. ज्यांना सरकारकडून सगळ्यात कमी मिळालं तेच सगळ्यात जास्त मतदान करतात. याचं कारण मला इतिहासात दिसतं. १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध वारली उठले. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या, जेठ्या गांगड आणि त्यांचे सोबती मारले गेले. त्या वेळी मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण यांच्या अटींवर मिळत होता. सावकाराला मत होतं, वेठ करणाऱ्याला नव्हतं. त्यानंतर जेमतेम सहा-सात वर्षांत, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, दोघांना सारखं एकेक मत मिळालं. ज्या घरात ही आठवण आहे तिथे मतदानाला जाणं आणि खूश असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या समाजाच्या बाबतीत दुसरीच अडचण आहे. इंग्रजांच्या काळात १९०९ पासून मुस्लिम मतदारांच्या याद्याच वेगळ्या असत. संविधानाने ते संपवलं, आता यादी एकच आहे. टीव्हीवरच्या चर्चेत मात्र आपली मतं अजून वेगळ्या पेटीत मोजतात: ‘मुस्लिम व्होट कुणीकडे?’ पालघरपुरतं बोलायचं तर कोणता मुस्लिम? तारापूर आणि किनाऱ्यावरचा कोकणी मुसलमान, मनोरचा दुकानदार, की एमआयडीसीत पाळी करणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा गोंडा-बस्तीचा पोरगा? तिघांची भाषा वेगळी, गरज वेगळी. आणि तिसऱ्याचं नाव बहुतेक वेळा इथल्या यादीत नसतंच. ते गावी असतं, जिथे तो मतदानाच्या दिवशी नसतो.

इथे अमेरिकेचा आणि आपला एक फरक सांगण्यासारखा आहे. तिकडचा मतदानाचा टक्का अभ्यासक सहसा मतदानास पात्र असलेल्या सगळ्या लोकांच्या तुलनेत काढतात. आपला टक्का यादीतल्या नावांच्या तुलनेत निघतो. बोईसरच्या खोलीतला तो पोरगा त्यांच्या हिशोबात ‘मतदान न केलेला’ म्हणून मोजला गेला असता. आपल्या हिशोबात इथे तो मुळात नाहीच. ना मायूस, ना उत्साही. तारापूरच्या अणुभट्टीच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली, तेव्हाही घरांसोबत लोकांचे पत्ते बदलले, आणि पत्ता बदलला की यादीतलं नाव नव्या ठिकाणी आणण्याची धावपळ ज्याची त्यालाच करावी लागते. नाव तिथेच राहिलं तर त्याची नाराजी कोणत्या टक्केवारीत धरायची?

पहिल्या निवडणुकीच्या वेळी सुकुमार सेन यांच्यासमोर असाच प्रश्न होता. उत्तरेतल्या कितीतरी बायकांनी नाव सांगायचंच नाकारलं, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच लिहा म्हणाल्या. सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. पुढच्या वेळी त्यांच्यातल्या बहुतेकींनी नावं सांगितली.

आमच्या घरी लहानपणापासून एक वाक्य कानावर आहे, मायूसी कुफ्र है. मोठी माणसं ते परीक्षेत नापास झालेल्या पोरालाही ऐकवतात. निवडणुकीला ते लावायचं का, यावर माझं आणि माझ्या मित्रांचं एकमत नाही. त्यांच्यातला एक २०१९ पासून मतदानाला जात नाही. त्याचं म्हणणं साधं आहे: मी एका चिन्हाला दिलेलं मत दुसऱ्या चिन्हावर बसलेलं मला दिसलं. त्याला मी काय उत्तर देऊ? पक्षांतरबंदीचा कायदा निवडून आलेल्यांसाठी आहे. निवडणुकीच्या आधी महिनाभर घर बदलणाऱ्याला तो लागू होत नाही, आणि अख्खा पक्षच फुटला तर काय होतं ते २०२२ मध्ये पाहिलंच.

माझे दहावीचे जुने विद्यार्थी आता अठरा ओलांडताहेत. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असावी लागत. आता वर्षात चार तारखा आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची पहिली तारीख. त्यांच्यातले काही नमुना ६ भरायला माझ्याकडे येतात. फॉर्म भरता भरता विचारतात, सर, या वेळी कोण येणार? मी त्यांना आधी नावाचं स्पेलिंग आधार कार्डावर आहे तसंच लिहायला सांगतो. उर्दू नावांचं मराठीत आणि मराठीचं इंग्रजीत होताना यादीत जे काय होतं, त्यात शेखचा शेठ झालेला मी पाहिलाय.